सकाळी सेल्फ लागत नाही: जुन्या गाडीत रात्रभर करंट कोण खातंय ते कसं शोधायचं

रात्री गाडी नीट लावली, दिवे बंद केले, दारं लॉक केली. सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं कट-कट-कट, आणि डॅशबोर्डवरचे दिवे मलूल. शेजारचा धक्का मारायला येतो, गाडी सुरू होते, दिवसभर काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मग बॅटरीवाला म्हणतो बॅटरी गेली, वायरमन म्हणतो डायनामो बघावा लागेल, आणि सोसायटीतले एक काका ठामपणे सांगतात की रोज रात्री टर्मिनल काढून ठेवत जा.

काकांचा उपाय लागू पडतो, पण तो इलाज नव्हे. दोष शोधायला एक मीटर, एक बल्ब आणि रविवारची एक सकाळ पुरते. पंधरा-वीस वर्षांच्या, फारसे कॉम्प्युटर नसलेल्या गाड्यांसाठी हे लिहितोय. मी वायरमन नाही, घरच्यांच्या आणि मित्रांच्या जुन्या गाड्यांवर हात मारत शिकलो आहे.

मीटरच्या आधी कागद-पेन्सिल

हा भाग बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात.

छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते. म्हणजे हिशेबापुरतं, १ अँपिअर करंट घेतला तर ३५ तास पुरेल. चांगली बॅटरी निम्मी उतरली तरी सेल्फ मारते. म्हणजे रात्रीच्या दहा तासांत तिला पार झोपवायला निदान २ अँपिअरची गळती हवी. आता गाडीतल्या वस्तू बघा. केबिनचा किंवा डिकीचा ५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर घेतो, दहा तासांत ४ अँपिअर-अवर. पार्किंगचे दिवे राहिले तर सगळे मिळून दोन-अडीच अँपिअर. ब्रेकचे दोन बल्ब २१-२१ वॅटचे, म्हणजे साडेतीन अँपिअर, हे एका रात्रीत काम तमाम करतात. घड्याळ आणि टेपची (गाडीतल्या म्युझिक सिस्टीमची) मेमरी मात्र काही मिलिअँपिअरवर भागवतात.

यातून निघतं ते असं: केबिनचा एक दिवा राहिला म्हणून धडधाकट बॅटरी एका रात्रीत मरत नाही. गाडी एका रात्रीत बंद पडत असेल तर एकतर गळती मोठी आहे, नाहीतर बॅटरीच आतून पोकळ झाली आहे, वर ३५ लिहिलंय पण आत जेमतेम दहा उरलेत. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोन्ही थोडं थोडं असतं, छोटी गळती आणि थकलेली बॅटरी. नवी बॅटरी टाकली की गळती महिना-दोन महिने झाकली जाते आणि सगळ्यांना वाटतं काम झालं.

साताऱ्याला आमच्या ताईच्या गाडीचं हेच झालं. पाच वर्षांची बॅटरी रात्रीत उतरायला लागली म्हणून नवी टाकली. ताई रोज गाडीने शाळेत जाते, सहा-सात किलोमीटर, त्यामुळे नवी बॅटरी कशीबशी तग धरून राहिली. दिवाळीच्या सुट्टीत गाडी चार दिवस उभी राहिली आणि बॅटरी सपाट. चार्ज करून आणली. मग प्रत्येक जोडसुट्टीला तेच. अकराव्या महिन्यात ती नवी बॅटरीसुद्धा एका रात्रीत झोपायला लागली, कारण गाडीची बॅटरी पुन्हा पुन्हा तळाशी जाण्यासाठी बनवलेलीच नसते. भावोजींचं मत एकच, "दुकानदाराने मालच खराब दिला." दुकानदाराचा काही दोष नव्हता, ते पुढे येईलच.

आधी बॅटरी, मग चार्जिंग

साधा पिवळा डिजिटल मल्टिमीटर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत मिळतो, आपल्या कामाला तेवढा पुरतो. डीसी व्होल्टच्या २० वर लावा. गाडी चालवून आल्या आल्या मोजू नका, तेव्हा आकडा फुगलेला असतो. चार-पाच तास उभी राहू द्या, किंवा हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि थोडं थांबून मोजा.

१२.६ किंवा थोडं वर म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जवळपास पाव. १०.५ च्या आसपास अडकलेली असेल तर बॅटरीच्या आतल्या सहा कप्प्यांपैकी एक, म्हणजे एक सेल मेलाय असं समजा, मग वायरिंगमध्ये डोकं घालण्यात अर्थ नाही.

आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरवर नजर ठेवा. भरलेली बॅटरी सेल्फच्या वेळी साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर ती थकली आहे. इंजिन सुरू झाल्यावर आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. १३ च्या आसपासच घुटमळत असेल तर अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा डायनामो) भरत नाहीये, आणि तुम्ही ज्याला रात्रीची गळती समजताय ती मुळात दिवसाची उपासमार आहे. आधी बेल्ट बघा, सैल बेल्टने हे सर्रास होतं. १५ च्या वर जात असेल तर हा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय, बॅटरी उकळून मरेल.

बुचं असलेली बॅटरी असेल तर बॅटरीवाल्याकडून ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर लावून घ्या. काचेच्या नळीत ॲसिड ओढलं की आतला तरंगणारा काटा वर-खाली होतो. पाच सेलमध्ये एका उंचीवर आणि सहाव्यात एकदम बुडाला, घनतेच्या आकड्यांत फरक ०.०५० पेक्षा जास्त, तर तो सेल गेला. इतकं सरळ उत्तर दुसरं कुठलंही यंत्र देत नाही, म्हणून मला हा जुना प्रकार आवडतो.

बॅटरीच्या डोक्यावर धूळ, ओल आणि ॲसिडचा चिकट थर असेल तर त्यातूनही थोडा करंट झिरपतो, पावसाळ्यात विशेष. मीटरची काळी पिन निगेटिव्हला लावा आणि लाल पिन नुसती बॅटरीच्या झाकणावर टेकवून फिरवा. आकडा दिसला तर समजा. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून पुसून काढा, बुचांच्या आत मात्र जाऊ देऊ नका. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशीही त्याच पाण्याने जाते.

इथवर सगळं ठीक असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या आणि पुढे चला.

तयारी

दहा नंबरचा पाना, मीटर, मगरीच्या तोंडासारखे क्लिप लावलेल्या दोन वायरी, आणि होल्डरसकट एक २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब. अंगठी, घड्याळ, हातातलं कडं काढून ठेवा. बॅटरीजवळ विडी-सिगारेट नको, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. डोळ्यांवर चष्मा असलेला बरा.

नेहमी निगेटिव्ह, म्हणजे काळी केबल आधी काढायची आणि शेवटी लावायची. कारण साधं आहे, पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेली असेल तर पान्यातूनच शॉर्ट होतो, आणि लाल झालेला पाना सोडून द्यायलाही वेळ मिळत नाही. बॅटरी काढल्यावर गाडीतल्या टेपला कोड लागत असेल तर तो आधी हाताशी ठेवा.

नंतर गाडीला रात्र झाली आहे असं भासवायचं. किल्ली काढा, डिकी बंद, दारं बंद. फ्यूज बॉक्स आत असेल आणि दार उघडं ठेवावं लागत असेल तर दाराच्या चौकटीतलं दिव्याचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवा. बॉनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. सेंट्रल लॉक, अलार्म असेल तर लॉक करून अर्धा तास थांबा, अशा वस्तू लगेच झोपत नाहीत.

पहिला प्रयोग बल्बचा

नवशिक्यांनी थेट मीटर लावू नये असं माझं मत. निगेटिव्ह केबल काढा आणि ती केबल व बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये २१ वॅटचा बल्ब जोडा. गाडीत जाणारा सगळा करंट आता बल्बमधून जाणार. मोठा शॉर्ट असला तरी बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, त्यामुळे काही जळत नाही.

बल्ब झगझगीत पेटला तर गळती मोठी आहे. डिझेल गाडीत हीटर प्लगचा रिले (करंटने चालू-बंद होणारा स्विच) चिकटला असेल तर असंच होतं, आणि तिथे मीटर लावला असता तर मीटर गेला असता. लालसर निखाऱ्यासारखा दिसला तर गळती मधली आहे. पेटलाच नाही तर गळती थोडी आहे किंवा नाही, आता मीटर लावायला हरकत नाही.

मीटर मालिकेत, म्हणजे करंटच्या वाटेतच लावणं

मीटरची लाल पिन व्होल्टच्या भोकातून काढून १० अँपिअरच्या भोकात घाला आणि चकती १० अँपिअरवर फिरवा. मिलिअँपिअरच्या रेंजवर सुरुवात करू नका, आतला फ्यूज उडतो. लाल पिन सुटलेल्या निगेटिव्ह केबलला, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला, दोन्ही क्लिपने पक्क्या. अलार्मवाल्या गाडीत केबल टोकाला टेकलेली असतानाच मीटर जोडा आणि मग केबल अलगद उचला, म्हणजे झोपलेली गाडी जागी होत नाही.

मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही, हेडलाइट लावायचे नाहीत. सेल्फ मारणं तर विसराच, शंभराच्या वर अँपिअर त्या बारीक वायरीतून जाऊ पाहतील. आणि काम झालं की लाल पिन लगेच व्होल्टच्या भोकात परत. मी एकदा विसरलो. दुसऱ्या दिवशी व्होल्ट बघायला म्हणून पिना बॅटरीला टेकवल्या, ठिणगी उडाली आणि पिनेचं टोक मण्यासारखं वितळलं. अँपिअरच्या भोकात पिन असताना मीटर म्हणजे निव्वळ तारेचा तुकडा असतो.

जुन्या साध्या गाडीत ०.०२ ते ०.०३ अँपिअर दिसले तर ते घड्याळ-मेमरीचं रास्त खाणं आहे. ०.०५ पर्यंत चालतं. त्याच्या वर काही असेल तर त्याचा माग काढायचा.

फ्यूज एकेक करून

फ्यूज बॉक्सचा मोबाइलवर फोटो घ्या. एक फ्यूज उपसा, मीटर बघा, फ्यूज परत लावा, मग दुसरा. सगळे एकदम काढून ढीग करू नका. रंग लक्षात असले की चूक होत नाही: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअरचा. बॉनेटखालचा दुसरा फ्यूज बॉक्स बरेच जण विसरतात.

ताईच्या गाडीत मीटर ०.४४ दाखवत होता. भावोजी मीटर वाचायला, मी स्टिअरिंगखाली डोकं घालून. हॉर्नचा काढला, ०.४४. वायपरचा, ०.४४. भावोजींचा आवाज हळूहळू कंटाळत गेला. मग एक निळा फ्यूज उपसला आणि ते म्हणाले, "अरे, ०.०१!" झाकणावर त्याच्यासमोर 'डोम' लिहिलं होतं, म्हणजे केबिनचा दिवा. पण केबिनचा दिवा तर बंद होता.

इथे लक्षात ठेवायचं की एका फ्यूजवर चार वस्तू असतात आणि झाकणावर नाव एकीचंच असतं. या फ्यूजवर केबिनचा दिवा, घड्याळ, टेपची मेमरी आणि डिकीचा दिवा होता. फ्यूज परत लावला. केबिनचा बल्ब काढला, फरक नाही. टेपचा प्लग ओढला, ०.४३. म्हणजे टेप निर्दोष, तो परत जोडला. राहिली डिकी.

डिकीच्या दिव्याची गंमत अशी की डिकी उघडली की तो लागायलाच हवा, त्यामुळे उघडून बघून काही कळत नाही. मी ताईचा मोबाइल व्हिडिओ सुरू करून आत ठेवला आणि डिकी बंद केली. मिनिटभराने काढून पाहिलं तर पूर्ण वेळ आत लख्ख उजेड, स्टेपनीशेजारी पडलेली शाळेची छत्रीसुद्धा दिसत होती. दिव्याच्या प्लास्टिकला हात लावला तर ते चांगलंच गरम. बल्ब काढला आणि मीटर ०.०२ वर आला. ५ वॅटचा बल्ब, ०.४२ अँपिअर, हिशेब तंतोतंत.

गणपतीला कोकणात जाताना डिकी ठासून भरली होती, तेव्हा झाकणाने दाबलं जाणारं बटण सामानाने वाकलं होतं. पक्कडीने सरळ केलं. दिवसाचे चोवीस तास ०.४२ म्हणजे रोज दहा अँपिअर-अवर, दोन दिवसांत नवी बॅटरीही निम्म्याखाली. भावोजी त्या बटणाकडे बराच वेळ बघत राहिले.

फ्यूज न उपसताही मोजता येतं, पण त्याला हात बसायला लागतो. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. निगेटिव्ह केबल नेहमीसारखी जोडलेली ठेवून, मीटर २०० मिलिव्होल्टवर लावून, पिना त्या दोन ठिपक्यांवर टेकवायच्या. शून्य आलं तर त्या वाटेने करंट जात नाही. १० अँपिअरच्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट आला तर अंदाजे सव्वाशे-दीडशे मिलिअँपिअर वाहतायत. फ्यूज हलवला की जागी होणाऱ्या गाड्यांना हीच पद्धत बरी.

कुठलाही फ्यूज काढून फरक पडत नाही तेव्हा

मग संशय जाड वायरींवर. पहिला अल्टरनेटर, ज्याला गॅरेजमध्ये अजूनही डायनामो म्हणतात. त्याच्या आतले डायोड करंट बॅटरीकडे जाऊ देतात आणि उलटा येऊ देत नाहीत. एखादा डायोड फुटला की बॅटरी रात्रभर अल्टरनेटरमध्येच रिकामी होते, आणि गंमत म्हणजे दिवसा चार्जिंग जवळजवळ ठीक दिसतं.

पहाटे, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट उघडा आणि अल्टरनेटरवर हाताचा तळवा ठेवा. इंजिन थंडगार आणि अल्टरनेटर कोमट लागला तर डायोड फुटल्याची शंका धरायची. खात्री करायला बॅटरीची निगेटिव्ह काढून अल्टरनेटरच्या मागची रबरी टोपीखालची जाड वायर सोडवा, तिचं टोक चिकटपट्टीने नीट गुंडाळा आणि निगेटिव्हला पुन्हा मीटर लावा. आकडा खाली आला तर डायोड प्लेट बदलायला द्या, अख्खा अल्टरनेटर घ्यायची गरज सहसा नसते. डायोडसाठी बॅटरीवर एसी व्होल्ट मोजा असा सल्ला बरेचदा मिळतो, पण स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाही भलताच आकडा दाखवतात, तेव्हा त्यावर जाऊ नका.

रिलेलाही हात लावून बघा. चिकटलेला किंवा विनाकारण ओढलेला रिले कोमट लागतो, नुसती त्याची कॉइलच दीड-दोनशे मिलिअँपिअर खाते.

नेहमीचे गुन्हेगार

सगळ्यात वर नंतर बसवलेल्या वस्तू. कंपनीने दिलेलं वायरिंग वीस वर्षं टिकतं, टेपवाल्याने वीस मिनिटांत केलेलं टिकत नाही. टेपला पिवळी वायर कायमच्या करंटची आणि लाल किल्लीवरची असते. घाईत दोन्ही एकत्र पिळून टाकल्या की टेप कधीच झोपत नाही. ॲम्प्लिफायरचंही तसंच. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने सीटखाली लपवलेला ट्रॅकर निघू शकतो, अलार्मचा जुना डबा निघू शकतो. वायरींच्या गुंत्यात काळ्या चिकटपट्टीचा फुगीर गोळा दिसला की आधी तिथे बघा.

ब्रेकचा दिवा दुसरा. पेडलच्या पट्टीवर रबराचं किंवा प्लास्टिकचं छोटं बूच असतं, स्विचची कांडी त्याच्यावर टेकते. ते वाळून गळून पडलं की स्विचला वाटतं पाय ब्रेकवरच आहे. माझ्या एका मित्राची गाडी कव्हर घालून उभी असायची, त्यामुळे तीन रात्री कुणाला पत्ता नाही. शेवटी वॉचमननेच विचारलं, "साहेब, तुमचं कव्हर रात्री मागून लाल का दिसतं?" पायाखालच्या मॅटवर प्लास्टिकचा चुरा सापडला की लगेच पेडलकडे बघा.

उंदीर आहेतच. बेसमेंट पार्किंगमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर बॉनेटखाली वायरींचं कव्हर कुरतडलेलं, शेजारी बारीक लेंड्या. फक्त पावसातच बॅटरी उतरत असेल तर कार्पेट उचलून ओल बघा, हॉर्न आणि फॉगलॅम्पचे कनेक्टर उघडून हिरवा गंज बघा.

कधी गळते, कधी नाही

हे सगळ्यात छळणारं. मीटर लावला की सगळं शहाण्यासारखं, आणि मंगळवारी सकाळी गाडी बंद. अशा वेळी रात्री गाडी लावल्यावर तासाभराने आणि सकाळी किल्ली फिरवायच्या आधी व्होल्ट मोजून वहीत लिहा, सोबत तो दिवस कसा होता तेही: पाऊस, डिकी उघडली होती का, एसी लावला होता का, रिमोटने लॉक केलं की किल्लीने. आठवड्याभरात काहीतरी जुळतं. एका मित्राच्या गाडीत एसी लावून आल्याच्याच रात्री बॅटरी उतरायची. रेडिएटरच्या पंख्याचा रिले गरम झाला की चिकटायचा, आणि पंखा थोडा वेळ चालू राहतोच म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं.

शोध लागेपर्यंत गाडी लागणारच असेल तर निगेटिव्ह टर्मिनलवर हाताने फिरवायचा कट-ऑफ स्विच बसवा. काकांच्या उपायाचाच हा जरा बरा अवतार.

दुरुस्ती झाल्यावर सगळं जोडून पुन्हा एकदा मीटर मालिकेत लावा आणि आकडा लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला उपयोगी पडतो. ताईच्या गाडीचा ०.०२ आहे. ती अकरा महिन्यांची बॅटरी पूर्ण चार्ज केली, रात्री १२.६ होती, सकाळी १२.५. वारंवार तळाला जाऊन आल्यामुळे तिची ताकद कमी झालीच आहे, थंडीत सेल्फ जरा ओढत मारते. नवी लगेच घ्यायची नाही असं ठरलंय, पण डिकीतला बल्ब ताईने परत लावू दिलेला नाही.